पहिला होमब्रू क्लास कसा घडवावा: तांडेलाचं उदाहरण घेऊन

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन खेळायचा खेळ. त्याच्या पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमपुस्तकात बारा क्लास, म्हणजे पात्रांचे पेशे, आहेत, बार्बेरियनपासून विझार्डपर्यंत. एखादी मोहीम तडीस गेली की खेळाडूला स्वतः रचलेला, म्हणजेच होमब्रू, तेरावा हवासा वाटतो, आणि हर्णै किंवा मालवणला वाढलेल्या खेळाडूला तो बहुधा दर्यावरचा हवा असतो. तसं वाटणं अगदी रास्त आहे. अडचण पुढे येते. नवा क्लास टेबलावर आला की दोन-तीन बैठकींत एक तर बाकीचे सगळे नुसते बघत बसतात, नाही तर नवा क्लास घेतलेलाच कंटाळून आपला जुना फायटर परत मागतो. हे दोन्ही टाळता येतं. त्यासाठी लागणारं गणित शाळेतल्या बेरीज-गुणाकाराचंच आहे, फक्त ते योग्य ठिकाणी करावं लागतं.

ते ठिकाण कोणतं हे आधीच सांगतो. नवीन माणूस ताकदीचा आकडा बघतो: किती फासे, किती डॅमेज. मी आधी बघतो की ती ताकद किती वेळा वापरता येते. दिवसातून एकदा ८डी६ चा (सहा बाजूंचे आठ फासे) स्फोट पाचव्या लेव्हलच्या कुणालाही द्या, खेळ तगतो. दर फेरीत (सगळ्यांचा एकेक टर्न झाला की एक फेरी) फुकट मिळणारा एक साधा जादा हल्ला मात्र खेळ मोडतो. खालचा सगळा हिशोब या एका प्रश्नाभोवती फिरतो.

उदाहरणाला तांडेल, म्हणजे होडी चालवणारा प्रमुख, घेऊ. नियम २०१४ च्या पुस्तकांचे धरले आहेत. २०२४ च्या सुधारित पुस्तकात बरेच तपशील बदलले, पण हिशोबाची रीत तीच राहते.

आधी दोन वाक्यं लिहा

पहिलं वाक्य: हा क्लास एका फेरीत काय करतो? "समुद्रावरचा शूर योद्धा" हे उत्तर पुरत नाही. फायटर घेतला आणि त्याला सेलर ही पार्श्वभूमी दिली की समुद्रावरचा योद्धा तयार होतो, त्यासाठी वीस लेव्हलचा तक्ता मांडायची गरज नाही. लढाईत दुसरं कुणी करत नाही असं काहीतरी करणारा असेल तरच नवा क्लास लिहावा.

मोठ्या होडीवर नाखवा मालक असतो, खलाशी जाळं ओढतात, आणि होडी चालते ती तांडेलाच्या शब्दावर. पाण्याचा रंग, वारा, बुडालेली खडपं ओळखायची, सुकाणू धरायचं आणि नेमक्या क्षणी हाळी द्यायची हे त्याचं काम. त्याचं कसब दुसऱ्यांच्या हातून झालेल्या कामात दिसतं. म्हणून आपलं वाक्य असं होईल: तांडेल स्वतः बेताचंच मारतो, पण साथीदारांना योग्य क्षणी योग्य जागी आणतो.

दुसरं वाक्य: हा क्लास काय करू शकत नाही? हे मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं, आणि नेमकं हेच लिहायचं राहून जातं. तांडेल जखमा बऱ्या करत नाही. त्याला मंत्र येत नाहीत. एका फटक्यात दहा शत्रू लोळवत नाही. एकटा सापडला तर तो निम्मा होतो. पुढे प्रत्येक लेव्हल लिहिताना "इथे थोडं हीलिंग दिलं तर?" असा मोह होणार, तेव्हा हे वाक्य समोर हवं.

इथेच आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती मला मनापासून महत्त्वाची वाटते. कोळी, गाबीत, खारवी, दालदी असे किती तरी समाज या किनाऱ्यावर दर्यावर जगत आले आहेत. क्लास म्हणजे शिकून, राबून अंगी आणलेलं कसब. तांडेल एल्फ होऊ शकतो, ड्वार्फ होऊ शकतो, डोंगरातून आलेला माणूसही होऊ शकतो. जन्मावरून बोनस देणारी एकही ओळ या क्लासमध्ये घालू नका.

सांगाडा

हा भाग पटकन उरकतो, कारण जुन्या क्लासांकडे बघून तो भरता येतो. हिट डाय, म्हणजे हिट पॉइंट (जीव) ठरवणारा फासा, डी८ (आठ बाजूंचा) ठेवा. डी१० दिला तर फरक किती पडतो ते बघा: पाचव्या लेव्हलला कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) बोनस सोडून डी८ वाल्याचे सरासरी २८ हिट पॉइंट होतात, डी१० वाल्याचे ३४. सहाच पॉइंट. पण डी१० हा आघाडीवर उभं राहणाऱ्यांचा आहे आणि आपला माणूस सुकाणूवर उभा आहे.

सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचण्यासाठी टाकायचा फासा) दोन द्यायचे. पात्राच्या सहा क्षमतांपैकी डेक्स्टेरिटी (चपळाई), कॉन्स्टिट्यूशन आणि विजडम (जाण) हे तीन सारखे लागतात, बाकीचे तीन क्वचित. पुस्तकातल्या प्रत्येक क्लासला पहिल्या गटातला एक आणि दुसऱ्यातला एक मिळतो. तांडेलाला विजडम आणि स्ट्रेंथ द्या. ही जोडी बारापैकी कुणाकडेच नाही. चिलखत हलकं, ढाल नाही. ४, ८, १२, १६ आणि १९ या लेव्हलला ॲबिलिटी स्कोअर वाढतो, त्याला हात लावू नका.

हाळी आणि भरती

क्लासचा प्राण असलेला गुण पहिल्या दोन लेव्हलमध्येच हातात यायला हवा. सातव्या लेव्हलला मजा सुरू होईल असं सांगाल तर बऱ्याच मोहिमा तिथवर पोहोचतच नाहीत.

पहिल्या लेव्हलचा गुण मी असा लिहीन (बोनस ॲक्शन म्हणजे आपल्या टर्नमधली छोटी जादा कृती, रिॲक्शन म्हणजे फेरीला एकदाच, बहुधा दुसऱ्याच्या टर्नमध्ये करायची कृती, ऑपॉर्च्युनिटी अटॅक म्हणजे शत्रूजवळून निघताना त्याने मारलेला वार):

हाळी. तुमच्या टर्नमध्ये बोनस ॲक्शन वापरून ३० फुटांच्या आतला, तुमचा आवाज ऐकू येणारा एक साथीदार निवडा. तो आपली रिॲक्शन खर्च करून १० फुटांपर्यंत सरकू शकतो. या सरकण्यावर ऑपॉर्च्युनिटी अटॅक होत नाही.

या चार ओळींत चार लगाम आहेत: तांडेलाची बोनस ॲक्शन जाते, साथीदाराची रिॲक्शन जाते, अंतर ठरलेलं आहे, आणि आवाज पोहोचावा लागतो. गुण फुकट आहे, दर फेरीत वापरता येतो, म्हणून त्याचं बळ मुद्दाम कमी ठेवलं. बॅटल मास्टर या प्रकारचा फायटर साथीदाराला निम्म्या वेगाइतकं हलवतो, पण त्यासाठी त्याला मोजका साठा खर्चावा लागतो. आपण काहीच खर्चत नाही, तर १० फूट पुष्कळ झाले.

दुसऱ्या लेव्हलला भरती. तांडेलाकडे भरतीचे पॉइंट असतात. इनिशिएटिव्ह (लढाईतला क्रम ठरवणारा फासा) टाकलं की शून्य, मग तांडेलाच्या प्रत्येक टर्नच्या सुरुवातीला एकाने वाढ, लढाई संपली की पुन्हा शून्य. जास्तीत जास्त दोन साठतात. खऱ्या समुद्रात पाणी चढायला सहा तास लागतात, इथे फेरीच सहा सेकंदांची आहे.

खर्च दोन प्रकारचा. एक पॉइंट देऊन, ज्याला ऐकू येतं अशा साथीदाराच्या हल्ल्यात किंवा सेव्हिंग थ्रोमध्ये डी४ मिळवायचा. दोन पॉइंट दिले की हाळी मोठी होते: साथीदार सरकण्याऐवजी त्याच रिॲक्शनमध्ये शस्त्राचा एक हल्ला करतो.

डी४ ऐवजी ॲडव्हांटेज (वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेणं) का नको? डी४ ची सरासरी अडीच, म्हणजे लागण्याची शक्यता साडेबारा टक्क्यांनी वाढते. ११ किंवा वर लागत असेल तेव्हा ॲडव्हांटेज ती ५० वरून ७५ टक्क्यांवर नेतो, म्हणजे दुप्पट फायदा. वर रोग या चोरट्या क्लासला स्नीक अटॅक, म्हणजे संधी साधून जादा फाशांचा वार, आयता मिळतो. नवशिक्याच्या क्लासमध्ये ॲडव्हांटेज मिठासारखा सगळीकडे पडलेला असतो. तो दिसला की थांबा आणि तिथे डी४ बसतो का बघा.

भरतीचा आराखडा करताना तीन खड्डे आहेत, तिन्ही इतरत्रही उपयोगी पडतील.

पहिला, साठा कशाने वाढतो. "शत्रूला मारलं की भरती एकाने वाढते" असं लिहिलंत तर कुणीतरी पोत्यात खेकडे भरून आणील आणि मोठ्या लढाईआधी एकेक चिरडत बसेल. खेळाडूचा त्यात दोष नाही, नियमच तसं सांगतो. म्हणून वाढ वेळेवर बांधली, आणि लढाईबाहेर शून्य ठेवली.

दुसरा, किती फेऱ्या मिळतात. पाचव्या आवृत्तीतल्या बहुतेक लढाया तीन ते पाच फेऱ्यांत संपतात. पाच पॉइंटला मिळणारा जबरदस्त गुण कागदावर देखणा दिसतो आणि टेबलावर कधी अवतरत नाही. सगळ्यात महाग गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत हाती यायला हवी.

तिसरा खड्डा जरा आडबाजूला आहे. साठ्याची मर्यादा प्रोफिशिएन्सी बोनसइतकी ठेवावी असं सहज वाटतं, कारण तो आपोआप २ पासून ६ पर्यंत वाढतो. पण तो सगळ्या क्लासच्या मिळून लेव्हलवर वाढतो, आणि एका पात्राला एकाहून जास्त क्लास घेता येतात. मग अठराव्या लेव्हलचा फायटर दोन लेव्हल तांडेलाच्या घेईल आणि जन्मभर तांडेलकी केलेल्याइतकाच साठा नेईल. म्हणून तक्त्यात सरळ लिहा: तांडेलाच्या दुसऱ्या लेव्हलला २, पाचव्याला ३, नवव्याला ४.

आणि हा साठा दिवसाला न बांधता लढाईला का बांधला? २०१४ च्या मार्गदर्शनात दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण सामने धरले आहेत. रविवारी दुपारी जमणाऱ्या टेबलावर खेळातल्या एका दिवसात एक-दोन लढाया होतात. तिथे लाँग रेस्टवर जगणारा, म्हणजे रात्रीच्या लांब विश्रांतीनेच ताकद परत मिळवणारा, विझार्ड सगळे मोठे मंत्र एका लढाईत ओततो, आणि शॉर्ट रेस्टवर (मधल्या छोट्या विश्रांतीवर) जगणारा मंक मागे पडतो. लढाईला बांधलेला साठा दोन्ही टेबलांवर सारखाच चालतो.

मोजपट्टी

आता आकडे. डॅमेज मोजताना हल्ला ६५ टक्के वेळा लागतो असं धरायची रूढ पद्धत आहे. क्रिटिकल (जादा डॅमेज देणारा वार) सोडून देऊ. पाचवी लेव्हल, मुख्य स्कोअर १८, म्हणजे +४.

मोठी तलवार घेतलेला फायटर दोनदा मारतो. प्रत्येक वार सरासरी ७ अधिक ४, म्हणजे ११. दोन वारांचे २२, त्यांचे ६५ टक्के म्हणजे फेरीला १४.३. रेपिअरवाला रोग एकदाच मारतो, पण ४.५ अधिक ४ अधिक स्नीक अटॅकचे १०.५ मिळून १९, म्हणजे सुमारे १२.४. हेक्स हा शाप लावून एल्ड्रिच ब्लास्ट हा मंत्र मारणारा आणि त्या मंत्राला बळ देणारा ॲगनायझिंग ब्लास्ट हा गुण घेतलेला वॉरलॉक दोन किरण सोडतो, प्रत्येकी १३, म्हणजे १६.९. या तीन आकड्यांच्या मधली पट्टी म्हणजे पाचव्या लेव्हलचं डॅमेज देणाऱ्यांचं घर.

तांडेल डी८ च्या शस्त्राने एकदा मारतो: ४.५ अधिक ४ म्हणजे ८.५, त्यातून फेरीला ५.५. चार फेऱ्यांच्या लढाईत २२. भरतीचे चार पॉइंट, म्हणजे दोन मोठ्या हाळ्या. त्या रोगला दिल्या तर? स्नीक अटॅक टर्नला एकदा मिळतो, फेरीला एकदा नव्हे. दुसऱ्याच्या टर्नमध्ये रिॲक्शनने मारलेल्या वाराला तो पुन्हा लागू होतो, फक्त नेहमीच्या अटी पुऱ्या व्हायला हव्यात. दोन हाळ्यांचे झाले सुमारे २५. एकूण ४७, फेरीला ११.७.

रोगपेक्षा थोडं कमी, आणि त्याखेरीज साथीदारांना हलवण्याची सोय. मदत करणाऱ्या क्लाससाठी ही जागा चांगली आहे. साथीदार रोग नसून फायटर असेल तर एका वाराचे ७.१५ धरून आकडा फेरीला ९ वर येतो. शिवाय रोगने हाळीला रिॲक्शन दिली की पाचव्याच लेव्हलला त्याला मिळालेला अनकॅनी डॉज (रिॲक्शन देऊन एका वाराचं डॅमेज निम्मं करणं) त्या फेरीत वापरता येत नाही, म्हणजे हाळीची किंमत खरोखर मोजावी लागते.

आता याच तांडेलाला "सगळ्या लढवय्यांना मिळतो" म्हणून पाचव्या लेव्हलला एक्स्ट्रा अटॅक देऊन बघा. त्याचे स्वतःचे २२ चे ४४ होतात, एकूण ६९, फेरीला १७.२. वॉरलॉकच्या पुढे, वर हाळी आहेच. आणि मोठी हाळी दर फेरीत फुकट ठेवली असती तर एकट्या रोगच्या जादा वारांनीच फेरीला १२ वाढले असते. प्रश्न कधीच डी८ की डी१० हा नव्हता. किती वेळा, हाच होता.

तरी पाचव्या लेव्हलला काहीतरी ठळक द्यायलाच हवं. त्या पायरीवर फायटरला दुसरा हल्ला येतो, विझार्डला फायरबॉल येतो. तांडेलाला आडवी वाढ द्या: साठा तीनचा होतो, इनिशिएटिव्ह टाकताना शून्याऐवजी एकने सुरुवात होते, आणि साधी हाळी एकाऐवजी दोघांना पोहोचते. चार फेऱ्यांत पॉइंट चाराचे पाच होतात, म्हणजे मोठ्या हाळ्या दोनच आणि एक डी४ जास्त. डॅमेज जवळजवळ तिथेच राहतं, पण टेबलावर फरक लगेच जाणवतो.

अकराव्या लेव्हलसाठी मी उधाण हा गुण राखून ठेवला आहे: लाँग रेस्टमधून एकदा, भरती पूर्ण साठ्याने सुरू होते. खरं उधाण अमावस्या-पौर्णिमेला येतं म्हणून खेळातल्या चंद्राच्या कलेला हे जोडावंसं वाटेल. कल्पना सुंदर आहे, पण तिथी मोजायचं काम डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) गळ्यात पडतं, म्हणून जोडू नका.

घाट चढला की काय?

किनाऱ्यावरच्या लेखकाला हमखास होणारी बाधा म्हणजे पाण्यावरच चालणारे गुण. "होडीवर असताना सगळ्या हल्ल्यांना +२." मोहीम सुवर्णदुर्गाभोवती असेल तोवर हा गुण कायम चालू. पार्टी आंबा घाट चढून वर गेली की कायम बंद. एकीकडे दुप्पट आणि दुसरीकडे शून्य यांची सरासरी कुणी खेळत नसतं. २०१४ च्या रेंजरबद्दल हीच तक्रार वर्षानुवर्षं होत राहिली: निवडलेल्या प्रदेशात तो प्रवास इतका सोपा करतो की प्रवासच उरत नाही, आणि बाहेर गेला की गुण मुका. लढाईचे गुण जमिनीवर, पाण्यावर सारखे चालू द्या. पाण्याचा रंग लढाईबाहेरच्या गोष्टींत भरा: जलवाहन चालवण्याची प्रोफिशिएन्सी, उद्याचा वारा ओळखणं, रात्री ताऱ्यांवरून दिशा लावणं.

सबक्लास

सबक्लास म्हणजे क्लासच्या आत निवडायची वाट. तिसऱ्या लेव्हलला दोन पुरेत. सुरुवातीलाच सहा लिहू नका.

रापणकर हा मला सगळ्यात आवडता. रापणीत मोठं जाळं किनाऱ्याजवळ सोडून दोन्ही टोकांचे दोर वाळूवरून सगळे मिळून ओढतात, आणि मासळीत प्रत्येकाचा वाटा असतो. गुण असा: दोन पॉइंट खर्चून ३० फुटांतल्या एका शत्रूवर जाळं टाका. शत्रू स्ट्रेंथचा सेव्ह करतो, हुकला तर तुमच्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत रिस्ट्रेन्ड. कुणी साथीदार रिॲक्शन देऊन दोर धरला तर शत्रूच्या सेव्हला डिसॲडव्हांटेज. लढाईत एकदाच. रिस्ट्रेन्ड म्हणजे वेग शून्य, त्याच्यावरच्या सगळ्यांच्या हल्ल्यांना ॲडव्हांटेज, त्याच्या हल्ल्यांना डिसॲडव्हांटेज. इतकी जड गोष्ट दर दुसऱ्या फेरीत मिळाली तर डीएमचा एकही मोठा राक्षस जागचा हलणार नाही.

आरमारी हा दुसरा, शत्रूच्या जहाजावर उडी घेणारा. याला ढाल द्या, आणि हवाच असेल तर सहाव्या लेव्हलला एक्स्ट्रा अटॅकही द्या, जसा कॉलेज ऑफ व्हॅलर या सबक्लासच्या बार्डला मिळतो. पण मग वरचा १७ चा आकडा आठवा आणि आरमाऱ्याची मोठी हाळी तीन पॉइंटची करा.

टेबलावर

आधी फक्त पाच लेव्हल लिहून खेळवा. वीसचा तक्ता भरून बसलात तर पहिल्या लेव्हलमधली एक दुरुस्ती वीस ठिकाणी करावी लागेल.

पावसाळा या कामाला उत्तम. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, आणि हंगामात कधी हाती न लागणारी दर्यावर जाणारी पोरं संध्याकाळी घरी सापडतात. त्यांना टेबलावर बसवा. नियम येत नसले तरी चालेल, हाळी कुठे खरी वाटते आणि कुठे खोटी हे तेच सांगतील.

पाचव्या लेव्हलचे चार खेळाडू घ्या. तीन ओगर ही त्यांच्यासाठी पुस्तकाच्या हिशोबाने मध्यम लढाई आहे. मग एकटा ट्रोल. मग खूप सारे गॉब्लिन. प्रत्येक लढाई दोनदा खेळा, एकदा तांडेल घेऊन आणि एकदा त्याच्या जागी फायटर घेऊन. चौथी लढाई अशी ठेवा की तांडेलाचा आवाज कुणापर्यंत पोहोचणार नाही, सायलेन्सचा मंत्र किंवा फुटणाऱ्या लाटा. तिथे तो लंगडा पडला तर ठीक, पण पूर्ण निरुपयोगी झाला तर त्याच्या स्वतःच्या हल्ल्यात थोडं बळ घाला.

डॅमेज लिहून ठेवाच, पण माझं लक्ष तीन गोष्टींवर जास्त असतं. कोणता खेळाडू आपला टर्न येईपर्यंत फोनमध्ये डोकं घालतो? तांडेलाचा टर्न विझार्डपेक्षा लांबतो का? आणि हाळी मिळालेला साथीदार आनंदतो, की आपलं सोंगटं दुसराच हलवतोय म्हणून वैतागतो? हे तिसरं झालं तर नियमात "साथीदाराची इच्छा असेल तर" हे शब्द घाला. हाळी ही सूचना आहे, सक्ती नव्हे.

दुरुस्ती एका वेळी एकच करा, आणि ती या क्रमाने: आधी किती वेळा, मग कुणाला आणि किती अंतरावर, सगळ्यात शेवटी फासे. क्लास फार भारी वाटला की लोक आधी डी८ चा डी६ करतात. त्याने दर वाराला सरासरी एक पॉइंट कमी होतो आणि तक्रार तशीच राहते. मोठी हाळी दोनची तीन पॉइंटला करा, एका बैठकीत चित्र बदलेल.

डीएमला देताना एकच पान द्या: वरची दोन वाक्यं, पाच लेव्हलचा तक्ता, प्रत्येक गुणाचा नेमका मजकूर, आणि कोपऱ्यात आवृत्तीचा क्रमांक व तारीख. टेबलावर दोन जणांकडे दोन वेगळ्या आवृत्त्या निघाल्या की अर्धी संध्याकाळ वादात जाते. पुढे कधी हा क्लास इतरांसाठी प्रसिद्ध करायचा झाला, तर खेळाचा मूळ नियमसंच, सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला आहे. श्रेयाची ठरलेली ओळ छापली की त्यातले नियम वापरता येतात. त्या संचात नसलेली नावं, जसं आपण तुलनेला घेतलेला बॅटल मास्टर, आपल्या मजकुरात येऊ देऊ नका.